नकाशापासून साइटपर्यंत : बांधकाम सल्लागारांचे ज्ञान कसे घडते, कसे पोहोचते



आपल्या बडोद्याच्या मराठी समाजात सिव्हिल इंजिनिअर नाही असे कुटुंब शोधूनच काढावे लागेल. तरीही 'कन्सल्टंट म्हणजे काय करतो?' असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते, 'बिल्डिंग बांधतो.' खरे पाहता बिल्डिंग बांधतात ती कंत्राटदाराची माणसे : गवंडी (आपल्याकडे त्याला कडिया म्हणतात), सेंट्रिंगवाले सुतार, सळई वाकवून बांधणारा फिटर. सल्लागार विटेला हातही लावत नाही. कॉलम किती जाड हवा, त्यात सळया किती, पाया किती खोल, हे तो सांगतो आणि त्या सांगण्याची फी घेतो. म्हणजे त्याचा सारा माल ज्ञानाचा. हा माल तयार कोठे होतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, याचा या पाठात विचार करू. विषय कोरडा वाटेल, पण या वाटेत कोठे खंड पडला तर माणसे मरतात. पुढे त्याची उदाहरणे येतीलच.

प्रथम सल्लागाराच्या ऑफिसात डोकावू. काम आले की जमिनीचा अहवाल मागवतात, आर्किटेक्टचा नकाशा समोर ठेवतात आणि भारांचा हिशेब सुरू होतो. हल्ली हिशेब संगणक करतो. पण नवा इंजिनिअर खरे शिकतो तो ज्येष्ठाच्या लाल पेनामुळे. ज्येष्ठ माणूस नकाशावर नजर फिरवतो आणि एका बीमभोवती गोल काढून विचारतो, 'ही सळई एवढ्या दाटीत शिरणार कशी? आणि काँक्रीट कोठून उतरणार?' हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्या शब्दांत सापडत नाही. त्याने पूर्वी कोठेतरी सेंट्रिंग उघडल्यावर पोकळ राहिलेले काँक्रीट पाहिलेले असते, म्हणून हा प्रश्न त्याला सुचतो. मोठ्या पुलांसाठी तर एका सल्लागाराचे गणित दुसऱ्या, स्वतंत्र सल्लागाराकडून तपासून घेतात. त्याला 'प्रूफ कन्सल्टंट' म्हणतात.

तपासलेला नकाशा साइटवर जातो. तेथून प्रश्न परत येतात : येथे पाइप आडवा येतो, या मापाची सळई मिळत नाही, खड्ड्यात पाणी लागले. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे, उत्तर लिहायचे, नकाशा बदलला तर त्यावर नवा सुधारणा क्रमांक आणि तारीख टाकायची, जुनी प्रत साइटवरून काढून घ्यायची. हे कारकुनी काम वाटते आणि तरुण इंजिनिअरांना त्याचा कंटाळा येतो. आमच्या मते या धंद्यातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे. कागदावरचा विचार आणि साइटवरची वस्तुस्थिती यांची गाठ येथेच पडते आणि बहुतेक नवे ज्ञान या गाठीतूनच निघते.

ही गाठ नीट पडली नाही तर काय होते, याचे उदाहरण जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवले जाते. अमेरिकेतील मिसुरी राज्यात कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी नावाचे मोठे हॉटेल १९८० मध्ये सुरू झाले. त्याच्या उंच दिवाणखान्यात छतापासून टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल वर आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ कल्पना अशी की छतापासून निघालेल्या लांब पोलादी गजांनी दोन्ही पूल तोलावेत. प्रत्येक पुलाच्या आडव्या तुळईखाली गजावर नट बसवायचा. आता चौथ्या मजल्याचा नट जागेवर न्यायचा तर गजाच्या मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागतात. ते अवघड काम होते. म्हणून पोलादी काम करणाऱ्यांनी बदल सुचवला : एक गज छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरा, वेगळा गज चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत.

दिसायला बदल किरकोळ. पण विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर विहीर डोळ्यांसमोर आणा. काठावर बांधलेला एक दोर विहिरीत सोडला आहे आणि त्याला दोघे जण लोंबकळत आहेत. दोघांनीही दोर पकडला असेल तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापलेच वजन. आता खालच्याने दोर सोडून वरच्याच्या पायाला मिठी मारली तर? दोरावरचा भार तेवढाच राहिला, पण वरच्याची मूठ दोघांचे वजन पेलते आहे. हॉटेलात नेमके हेच झाले. चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर एकाऐवजी दोन पुलांचा भार आला. मूळ रचनाच नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्के होती. बदलानंतर ती ३० टक्क्यांच्या आसपास उरली. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असताना, नट तुळईतून उपटून निघाले आणि दोन्ही पूल गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

चौकशीत जे निघाले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बदलाच्या नकाशांवर सल्लागारांच्या ऑफिसचा शिक्का होता, पण त्या जोडाचे गणित कोणीच केलेले नव्हते. सल्लागार समजत होते की जोड पोलादवाले ठरवतील. पोलादवाले समजत होते की सल्लागारांनी तो ठरवलाच आहे. फोनवर विचारले होते आणि होकार मिळाला होता, असे एक बाजू सांगत राहिली. तसा फोन आलाच नाही, असे दुसरी. लेखी काहीच नव्हते. पाचवी-सहावीच्या मुलालाही दोराच्या उदाहरणाने कळेल अशी गोष्ट शिकल्या-सवरल्या, अनुभवी माणसांच्या हातून निसटली, कारण ती विचारणे हे आपले काम आहे असे कोणालाच वाटले नाही. जबाबदार दोघा इंजिनिअरांचे त्या राज्यातील परवाने रद्द झाले. त्यांतील ज्येष्ठ गृहस्थ पुढे इंजिनिअरांच्या सभांतून या दुर्घटनेविषयी बोलत राहिले. ते सोपे नसणार.

(वर्गात करून पाहण्यासारखे : जाड दोरीला पातळ शिवणदोऱ्याने एक पाण्याची बाटली वरच्या बाजूला आणि दुसरी खाली बांधा. मग खालची बाटली सोडून ती वरच्या बाटलीच्या गळ्याला टांगा आणि दोन्हींत हळूहळू पाणी वाढवत जा. कोणता दोरा आधी तुटतो ते पाहा. खाली बादली ठेवायला विसरू नका. शाळेच्या शिपाईकाकांना फरशी पुसावी लागते.)

आता दुसरे उदाहरण, ज्यात कोणी मेले नाही. लंडनमध्ये थेम्स नदीवर सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या समोर ३२५ मीटर लांबीचा, केवळ पायी चालणाऱ्यांसाठी मिलेनियम ब्रिज बांधला गेला. त्याचे इंजिनिअर होते अरुप ही सल्लागार कंपनी. ओव्ह अरुप यांनी ती १९४६ मध्ये स्थापन केली, आणि सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे अवघड छतही तिनेच उभे करून दाखवले होते. पूल १० जून २००० रोजी उघडला. पहिल्याच दिवशी हजारो लोक आले आणि पूल आडवा, डावीकडे-उजवीकडे, झुलू लागला. मधल्या भागात हे झुलणे सुमारे ७ सेंटिमीटरपर्यंत गेले. लोक कठडे धरून उभे राहिले. १२ जूनला पूल बंद झाला आणि वर्तमानपत्रांना थट्टेला विषय मिळाला.

पूल कोसळण्याच्या बेतात नव्हता. गणित चुकलेले नव्हते, नियमही मोडलेला नव्हता. मग पूल हलला का? याचे उत्तर त्या वेळच्या नियमपुस्तकात नव्हते आणि ते घडवणे सल्लागारांनाच भाग होते. ते त्यांनी कसे घडवले, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

आपण सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. म्हणजे जमिनीवर खाली दाब सेकंदाला दोनदा पडतो. पण डावे पाऊल किंचित डावीकडे ढकलते आणि उजवे उजवीकडे. तेव्हा आडव्या धक्क्याचे पूर्ण आवर्तन सेकंदाला एकच. हा आडवा धक्का अगदी थोडा, दोन-अडीच किलो वजनाइतका. सपाट रस्त्यावर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र मिलेनियम पुलाची आडवी डुलण्याची नैसर्गिक गती या चालीच्या जवळपास होती. पूल किंचित हलला की माणूस तोल सावरायला पाय थोडे फाकवून टाकतो आणि त्यामुळे पुलाला आणखी धक्का बसतो. पूल अधिक हलतो, माणूस अधिक सावरतो. आगगाडीच्या डब्यातून चालत गेलेल्या प्रत्येकाला हे सावरणे ओळखीचे आहे. फरक इतकाच की आपल्या सावरण्याने आगगाडी हलत नाही.

अंदाज बांधून कंपनी थांबली नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हलत्या फळीवर माणसांना चालवून पाहिले, साउथॅम्प्टन विद्यापीठातही प्रयोग झाले. शेवटी स्वतःच्या माणसांना खऱ्या पुलावर फेऱ्या मारायला लावल्या आणि संख्या थोडी थोडी वाढवत नेली. तेव्हा मोठी मौज कळली. पुलाच्या एका भागावर दीडशेच्या आसपास माणसे होईपर्यंत विशेष काही घडत नव्हते. त्यात आणखी थोडी मिळवली की झुलणे एकदम वाढत जाई. म्हणजे दर माणसागणिक झुलणे थोडे थोडे वाढते असे नव्हे. एक ठरावीक आकडा आहे, त्याच्या अलीकडे शांत आणि पलीकडे गोंधळ. हा आकडा पुलात मुरलेल्या 'डँपिंग'वर, म्हणजे हालचाल जिरवण्याच्या शक्तीवर, अवलंबून असतो. उपाय त्यातूनच निघाला. पुलाखाली ३७ द्रवाचे डँपर बसवले (आपल्या स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरची ही थोरली भावंडे), शिवाय पन्नासाहून अधिक वजनाचे डँपर लावले. खर्च सुमारे ५० लाख पौंड झाला. दोन हजार माणसे चालवून परीक्षा घेतली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला.

आता आपल्या विषयाचा गाभा. एवढ्या खर्चाने आणि एवढी बदनामी सोसून मिळवलेले ज्ञान कंपनीला कुलुपात ठेवता आले असते. पुढच्या पुलाच्या निविदेत त्याची किंमत वसूल झाली असती. तिने तसे केले नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे पूल पुन्हा सुरू होण्याच्याही आधी, स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या ब्रिटिश संस्थेच्या नियतकालिकात प्रयोग, आकडे आणि सूत्र यांसह सारे छापले. त्यानंतर पादचारी पूल रचणाऱ्या कोणालाही, प्रतिस्पर्धी असो वा विद्यार्थी, किती माणसांना आपला पूल पुरेल हे मोजता येऊ लागले.

अभ्यास करताना कंपनीच्या लोकांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती आम्हाला सर्वांत अधिक विचारात पाडते. असे आडवे झुलणे पूर्वीही घडलेले होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मोठ्या पुलावर १९७५ मध्ये मोर्चाची गर्दी आली तेव्हा. जपानमध्ये तोदा येथे, बोटींच्या शर्यती सुटल्यावर घरी परतणाऱ्या गर्दीमुळे. जपानी संशोधकांनी तर १९९३ मध्ये त्यावर उत्तम निबंध छापला होता. पण तो छापला गेला भूकंपाच्या अभ्यासकांच्या नियतकालिकात. पादचारी पुलांचे नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावर ते नियतकालिक कशाला येईल? ज्ञान होते, छापीलही होते, फक्त शेजारच्या खोलीत होते.

विद्यार्थ्यांनी येथे एक जोड द्यावी. 'लोकांची पावले एकमेकांशी जुळतात म्हणून पूल झुलतो' असे त्या वेळी सांगितले गेले आणि अनेक पुस्तकांत अजून तसेच लिहिलेले असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की पावले जुळली नाहीत तरी, प्रत्येकाने आपापला तोल सावरल्यानेच झुलणे सुरू होऊ शकते. पावले जुळणे हा पुष्कळदा परिणाम असतो. पूल दुरुस्त होऊन १९ वर्षे झाल्यावर कारणाची समज सुधारली! आकडे छापलेले होते म्हणूनच नंतरच्यांना ते पुन्हा तपासता आले.

मोठ्या कंपनीला अपयश छापणे परवडते. लहान ऑफिसात काम करणाऱ्याने काय करावे? थोडक्यात टळलेला अपघात उघडपणे सांगितला तर गिऱ्हाईक जाते, कदाचित कोर्टाची नोटीस येते. यावर ब्रिटनमध्ये २००५ पासून एक व्यवस्था चालू आहे. 'क्रॉस' या नावाने ती ओळखली जाते. इंजिनिअर आपला अनुभव गुप्तपणे कळवतो, जाणकार मंडळ नाव, गाव, इमारत ओळखू येणार नाही अशा रीतीने तो लिहून काढते आणि सर्वांसाठी प्रसिद्ध करते. विमानचालकांसाठी अशी सोय आधीपासून होती, तिच्यावरूनच ही कल्पना घेतली. कोणाचे चुकले हे न विचारता काय चुकले हे विचारण्याची ही रीत आम्हाला फार आवडली.

आता आपल्या घराकडे वळू. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊची वेळ, शाळाशाळांत ध्वजवंदन. त्या दिवशीचा कच्छचा भूकंप आपल्या पालकवर्गापैकी बहुतेकांना आठवत असेल. १३,००० हून अधिक माणसे त्यात गेली. भूज-भचाऊचे दुःख मोठे होतेच, पण इंजिनिअरांना चक्रावून टाकले ते अहमदाबादने. भूकंपाच्या केंद्रापासून २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या त्या शहरात काही बहुमजली फ्लॅटच्या इमारती कोसळल्या आणि शेकडो लोक दगावले, तर शेजारच्या कित्येक इमारती उभ्या राहिल्या.

पडलेल्या इमारतींची पाहणी झाली तेव्हा दोन गोष्टी वारंवार दिसल्या. एक, तळमजला पार्किंगसाठी मोकळा : वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार, तळाला नुसते कॉलम. अशा इमारतीचा सारा हेलकावा तळाच्या कॉलमांवर येतो. दुसरी, कॉलममधील रिंगा. उभ्या सळयांना जी चौकोनी रिंग गुंडाळतात, तिची टोके नुसती काटकोनात वाकवून सोडलेली होती. भूकंपात बाहेरचे काँक्रीट ढासळले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया वाकून बाहेर येतात. टोके १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात वळवलेली असतील तर रिंग धरून राहते. हे काय नवे होते? मुळीच नाही. भारतीय मानक १३९२० मध्ये ते १९९३ सालीच छापले होते. ते सर्वत्र सक्तीचे नव्हते, आणि जेथे लागू होते तेथेही पुस्तकातून फिटरच्या हातापर्यंत सर्वदा पोहोचले नव्हते. सळई आणखी ४५ अंश वाकवायला खर्च जवळजवळ नाही. कारण कळले पाहिजे, एवढेच.

ही वाट बांधण्याचे एक सुंदर काम आपल्या देशात झाले. आयआयटी कानपूरमध्ये १९९९ पासून भूकंप अभियांत्रिकीचे राष्ट्रीय माहिती केंद्र आहे. भूजच्या अनुभवानंतर तेथून प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी 'अर्थक्वेक टिप्स' नावाने २४ छोटे पाठ लिहिले. प्रत्येक पाठ दोनच पानांचा आणि चित्रे भरपूर. भाषा अशी की वास्तुविशारद, कंत्राटदार आणि नववी-दहावीचा विद्यार्थीही वाचू शकेल. हिंदीतही ते मिळतात. मोकळ्या तळमजल्यावर एक पाठ आहे, कॉलमच्या रिंगांवरही आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाने त्यांची प्रत जरूर ठेवावी.

बडोदेकरांना यात नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, येथे कलाभवन सुरू झाले. धंद्याचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजे, हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. त्याच कलाभवनाचे पुढे आपल्या विद्यापीठाचे तंत्रज्ञान महाविद्यालय झाले. रंगाऱ्याला रसायन आणि सुताराला नकाशा समजावा, हा जो विचार तेव्हा होता, तोच फिटरला १३५ अंशांचे कारण सांगण्यात आहे.

जाता जाता विश्वस्त मंडळींसाठी एक विषय. समाजाच्या जुन्या संस्थांत वर्ग कमी पडू लागले की 'वर एक मजला चढवू' अशी सूचना येतेच. सल्लागाराचा पहिला प्रश्न असतो, 'मूळ नकाशे आहेत का? सळयांचे? पायाचे?' पुष्कळ ठिकाणी ते नसतात. कोणी काढले ते ठाऊक असते, पण त्यांचे ऑफिस केव्हाच बंद झालेले असते, किंवा फाइल एखाद्या पावसाळ्यात भिजून गेलेली असते. मग एकदा कोणीतरी पूर्ण जाणलेली गोष्ट पुन्हा नव्याने, पैसे देऊन शोधावी लागते : प्लास्टर फोडून सळया पाहायच्या, काँक्रीटवर हातोडीयंत्र मारून अंदाज घ्यायचा, नळीसारखे तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवायचे, पायाशेजारी खड्डा घ्यायचा. इतके करूनही उत्तर अंदाजानेच मिळते. बांधकाम संपताना सल्लागाराकडून प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे, जमिनीचा अहवाल, काँक्रीटच्या क्यूबचे निकाल आणि साइटवरच्या सूचनांची वही एवढे मागून घेतले तर ते एका बॉक्स फाइलमध्ये मावते. एक प्रत कार्यालयात, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक संगणकात ठेवावी. येत्या उन्हाळी सुटीत आपल्या कार्यालयाची कपाटे आवरली जातील तेव्हा अशी फाइल सापडते का ते पाहता येईल. दहावी झालेली दोन-चार मुले मदतीला घेतली तर जुना नकाशा कसा वाचतात हेही ती शिकतील.